ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

पुण्यात कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येऊन पडतो, महापालिकेच्या नोटिशीचा. ओला कचरा आवारातच जिरवा, नाहीतर उचलणार नाही, नाहीतर दंड. मग दोन दिवस चर्चा चालते, कुणी म्हणतं आमच्या मेव्हण्यांच्या सोसायटीत मशीन घेतलंय, कुणी म्हणतं टॅक्स भरतो ना आपण, कुणाला तो जुना गांडूळखताचा हौद आठवतो ज्यात आता फुटक्या कुंड्या पडल्यात, आणि शेवटी विषय एजीएमवर ढकलला जातो.

मी सिंहगड रोडवरच्या एका ६० फ्लॅटच्या सोसायटीत राहते आणि गेली चार वर्षं आमच्या इथलं हे काम बघते. पहिल्या खेपेला आमचं सगळं फसलं होतं, दोन महिन्यांत बंद करावं लागलं. का फसलं ते कळायला बराच वेळ गेला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. थोडक्यात आधीच सांगते, आम्ही (आणि बहुतेक सगळेच) सुरुवात खताच्या टाकीपासून करतो, पण हा प्रोग्रॅम चालतो तो स्वयंपाकघरातल्या बादलीवर, वाळलेल्या पाल्याच्या पोत्यावर आणि रोज ते काम करणाऱ्या माणसावर. या तीन गोष्टी मार्गी लागल्या की टाकी कुठलीही चालते.

पण टॅक्स भरतो ना आपण, मग हे आमच्या गळ्यात का?

हा प्रश्न चुकीचा नाहीये. त्याचं उत्तर पुण्यात राहणाऱ्याला खरं तर जवळच सापडेल, उरुळी देवाची आणि फुरसुंगीत. या शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोवर जात राहिला, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खराब झालं, माशा आणि वास तर रोजचाच. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि साधारण तीन आठवडे शहरात कचरा साचून राहिला. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना कोपऱ्याकोपऱ्यावरचे ढीग आठवत असतील. त्या तीन आठवड्यांत आपल्याला जे सोसावं लागलं ते तिथली माणसं वर्षानुवर्षं सोसत होती, एवढं जरी लक्षात घेतलं तरी "आमच्या गळ्यात का" हा प्रश्न जरा वेगळा दिसायला लागतो.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ साली केंद्राचे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम आले. त्यात ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असं सांगितलं होतं, आणि रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना 'बल्क वेस्ट जनरेटर' म्हटलं होतं, म्हणजे सोप्या भाषेत घाऊक कचरा करणारे. नियमातले आकडे अधूनमधून बदलतात म्हणून आपल्या सोसायटीला आलेली नोटीस नीट वाचा, पण रोख सगळीकडे हाच आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक साधा हिशोब बघा. भाज्यांची देठं, फळांच्या साली, उरलेली आमटी, यात ७०-८० टक्के तर नुसतं पाणी असतं. म्हणजे आपण डिझेल जाळून ट्रकभर पाणी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतोय आणि पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा तयार होतो, त्यातला मोठा हिस्सा हा असा ओला. तो डेपोवर एकावर एक दाबला गेला की आत हवा जात नाही आणि मग मिथेन वायू तयार होतो. तापमानवाढीच्या हिशोबात १०० वर्षांचा विचार केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट घातक, आणि डेपोंना ज्या आगी लागतात त्यालाही हाच वायू कारण ठरतो.

कुजणं वेगळं, सडणं वेगळं

आता मूळ मुद्दा. खत होणं म्हणजे जादू नाही, जिवाणू आणि बुरशी आपला कचरा खातात आणि मागे जे राहतं ते खत. त्यांना चांगलं खायला दिलं, हवा दिली, पाणी बेताचं ठेवलं की ते गुपचूप काम करतात आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो, याला मी कुजणं म्हणते. हवा बंद झाली की वेगळ्याच जातीचे जिवाणू ताबा घेतात आणि त्यातून जो घाण वास येतो ते सडणं. दूध तेच, विरजण लावून नीट ठेवलं तर दही आणि तसंच विसरलं तर नासतं, तसंच समजा.

या जिवाणूंचं जेवणही आपल्यासारखंच असतं, वरण-भात. भात म्हणजे कार्बन, त्यातून ताकद मिळते, आणि वरण म्हणजे नायट्रोजन, त्यातून शरीर वाढतं. त्यांना भात खूप लागतो आणि वरण थोडं, साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन. आपल्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण १५-२० ला १ असं असतं म्हणजे वरण जास्त झालं, आणि वाळलेल्या पाल्यात ते ५०-६० किंवा त्याहूनही वर असतं, तो झाला भात. दोन्ही एकत्र केलं की ताट बरोबर जमतं. मोजमापाच्या भानगडीत पडायची गरज नाही, एक बादली ओला कचरा तर एक बादली चुरलेला सुका पाला, पावसाळ्यात दीड बादली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

पाल्याचं दुसरं काम असं की तो जास्तीचं पाणी शोषून घेतो आणि थरांमध्ये पोकळी ठेवतो म्हणजे हवा खेळती राहते. ओल किती हवी ते बघायला मूठभर मिश्रण हातात घेऊन घट्ट दाबायचं, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला कमी पडलाय, हात कोरडाच राहिला तर थोडं पाणी शिंपडा. भाकरीचं पीठ मळताना हाताला जसं कळतं तसं हे आठवड्याभरात कळायला लागतं.

आणि उष्णता. टाकी नीट भरली की दोन-तीन दिवसांत आतून वाफा येतात, ५५ ते ६५ अंशांपर्यंत गरम होतं, हात घालवत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा वाफा दिसल्या तेव्हा वॉचमनकाका आग लागली म्हणून पळत आले होते. ही उष्णता फार चांगली, त्यात रोगजंतू मरतात, टोमॅटो-मिरचीच्या बिया मरतात. पण ती टिकायला ढीग साधारण एक मीटर लांब, रुंद, उंच एवढा तरी लागतो, लहान ढिगातून ती निसटून जाते. म्हणूनच गॅलरीतल्या कुंडीत केलेलं खत झाडांना घातलं की टोमॅटोची रोपं उगवतात आणि सोसायटीच्या टाकीतलं घातलं की उगवत नाहीत. दोन्ही खतं चांगलीच, फक्त एक थंड पद्धतीनं झालंय आणि एक गरम.

आधी बादली, मग टाकी

आम्ही काय केलं होतं, तर आधी टाक्या बांधल्या, उद्घाटन केलं, आणि मग लोकांना सांगितलं की उद्यापासून वेगळा करा. झालं असं की ओल्यात दुधाच्या पिशव्या, डायपर, दाढीची ब्लेड, सगळं यायला लागलं आणि काम करणारी ताई रोज हाताने ते निवडत बसायची. एका दिवशी तिचा हात ब्लेडने चांगलाच कापला. तेव्हा आम्ही थांबलो.

दुसऱ्या वेळेला आधी महिनाभर फक्त वेगळं करण्याचा सराव केला, खत वगैरे काही नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि सॅनिटरी पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. हा लाल ठिपका पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिलांच्या मागणीतून आला, ठिपका दिसला की उघडून बघायची वेळ येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. त्या महिन्यात एक आठवडा आम्ही रोजचा ओला कचरा वजनकाट्यावर तोलला. हे नक्की करा. चौघांच्या घरात रोज अर्धा ते पाऊण किलो निघतो असं धरून चालायचं, पण प्रत्येक सोसायटी वेगळी, कुठे सगळे ऑफिसात जेवणारे, कुठे आजी-आजोबा घरी आणि तीन वेळचा स्वयंपाक, आणि मे महिन्यात आंब्याच्या कोयी-साली सुरू झाल्या की आकडा एकदम वर जातो.

सगळ्यात मोठी अडचण कुठली असेल तर कॅरीबॅग. लोक ओला कचरा पिशवीत घालून घट्ट गाठ मारून देतात, त्यांना वाटतं स्वच्छ काम झालं. खरं म्हणजे त्या गाठीच्या आत हवा नसल्यामुळे सडायला तिथेच सुरुवात होते आणि मग ती गाठ कुणीतरी सोडायची. बादलीला आत वर्तमानपत्राचा एक कागद लावा, तो खतात जातो, बादली विसळायलाही सोपी पडते. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्यांबद्दल पण विचारतात लोक, त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या प्लँटमधल्या सततच्या उष्णतेतच नीट विरघळतात, आपल्या टाकीत त्यांच्या चिंध्या महिनोन्‌महिने सापडत राहतात, तेव्हा त्याही नकोच.

आत काय घालायचं? देठं, साली, चहाचा चोथा (साखर असेल तर एकदा धुऊन, नाहीतर मुंग्या), अंड्याची टरफलं चुरडून, निर्माल्यातली फुलं-पानं दोरा काढून, पाणी निथळलेलं खरकटं. मासे-मटणाचं उरलंसुरलं थोडं असेल तर ढिगाच्या मधोमध पुरायचं, वर ठेवायचं नाही. नारळाच्या करवंट्या, मोठी हाडं, तळणीचं उरलेलं तेल हे मात्र नको. आंब्याच्या कोयी आणि कणसाची बुरकुंडं फार हळू कुजतात, चाळताना वर राहिली की परत पुढच्या टाकीत टाकायची.

टाक्या किती लागतात

हा हिशोब घाबरवतो पण अवघड नाही. आमच्या ६० घरांचा रोजचा ओला कचरा साधारण ४० किलो. टाकी चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, विटांमध्ये फटी सोडून बांधलेली म्हणजे चारही बाजूंनी हवा येते. आत साधारण १,००० लिटर जागा होते. रोजचा कचरा अधिक पाला मिळून दीडशे लिटरच्या आसपास होतं, पण दोन-चार दिवसांत ते बसतं आणि तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणून एक टाकी भरायला १८-२० दिवस लागतात. मग ती बंद करून दुसरी सुरू. अशा चार टाक्या असल्या की चौथी भरेपर्यंत पहिलीला दोन महिने आराम मिळालेला असतो आणि तेवढ्यात खत तयार होतं. लोणच्याच्या बरण्यांसारखं आहे, एक खायला काढलेली आणि बाकीच्या मुरायला ठेवलेल्या. आमच्या चारही टाक्या दोन गाड्यांच्या पार्किंगएवढ्या जागेत बसल्या. वर पत्र्याचं छप्पर लागतंच, पुण्याचा जुलै सरळ टाकीत पडला तर सगळं संपलं.

आठवड्यातून एकदा फावड्यानं खालीवर करायचं, रोजच्या कामाशिवाय तेवढीच काय ती मेहनत. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा शेणाचा काला किंवा आंबट ताक शिंपडलं तर लवकर पकड घेतं. बाजारात कल्चरच्या (कुजवणाऱ्या जिवाणूंच्या) पुड्या मिळतात त्या वाईट नाहीत, पण एकदा आपलं खत तयार झालं की तेच विरजण, मग दरवेळी विकत कशाला घ्यायचं.

मशीनमध्ये २४ तासांत खत होतं म्हणतात ना?

यावर मी जरा जोर देऊन लिहिणार आहे कारण यात सोसायट्यांचे लाखो रुपये जातात. मशीनं दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेत कचरा बारीक करून त्यात भुसा आणि कल्चर मिसळतात आणि मग ते क्रेटमध्ये दोन-तीन आठवडे किंवा जास्त मुरू देतात, ही पद्धत बरी आहे. दुसऱ्या तऱ्हेत कचऱ्याला हीटर लावून एका दिवसात पाणी उडवतात आणि खालून तपकिरी भुगा निघतो. दिसायला अगदी खत. पण जिवाणूंना ते खायला वेळच मिळालेला नाही, तो नुसता वाळवलेला कचरा आहे, जशी मिरची वाळवली म्हणून तिचं लोणचं होत नाही तसं. हा भुगा कुंडीत घातला आणि पाणी दिलं की तिथे कुजायला सुरुवात होते, माती तापते, मुळांजवळचा ऑक्सिजन आणि नायट्रोजन जिवाणूच घेऊन टाकतात आणि झाड मान टाकतं. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत असंच सगळं लॉन पिवळं पडलं, विक्रेत्यानं नंतर फोन उचलणं बंद केलं, आणि विजेचं बिल चालूच.

म्हणून मशीन घ्यायचंच असेल (जागा फारच कमी असेल तर घ्यावं लागतं) तर विक्रेत्याला एकच विचारा की बाहेर पडलेला माल किती दिवस मुरवायचा आणि तो कुठे मुरवायचा. "मुरवायची गरजच नाही" असं उत्तर आलं तर मी तरी घेणार नाही.

खत तयार झालं की नाही हे घरच्या घरी कळतं. थोडं ओलं करून झिपच्या पिशवीत तीन-चार दिवस बंद ठेवा, उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं, आंबूस किंवा घाण आला तर कच्चं. आणि वाटीभर खत आणि वाटीभर माती मिसळून त्यात मेथीचे दाणे पेरा, चार-पाच दिवसांत नीट उगवले तर झाडांना घालायला हरकत नाही.

वास, चिलटं, अळ्या, उंदीर

विरोध करणारे शेजारी हेच बोलतात आणि त्यांचं खोटं नसतं, त्यांनी कुठेतरी बिघडलेली टाकी बघितलेली असते. पण वास म्हणजे तक्रारीची चिठ्ठी आहे, ती वाचता आली पाहिजे. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर वरण जास्त झालंय, पाला घाला. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा बंद झालीय, ओल जास्त आहे, खालीवर करा आणि पाला घाला. आंबूस वास म्हणजे शिळं अन्न एकाच ठिकाणी साचलंय, मोकळं करा आणि पुन्हा पाला घाला. लक्षात आलं असेल की औषध जवळजवळ एकच आहे.

चिलटं उघड्या ओल्या कचऱ्यावर येतात, म्हणून रोज शेवटचा थर दोन-तीन इंच पाल्याचा, अपवाद नाही. पांढुरक्या-करड्या जाड अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात, त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, काळ्या रंगाच्या लांबट माशीच्या. ही माशी घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा फार झपाट्यानं संपवतात. त्या खूप झाल्या म्हणजे ओल जास्त आहे एवढंच समजायचं. उंदरांसाठी तळाला आणि फटींना अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, आणि शिजवलेलं अन्न नेहमी मधोमध.

टाकीच्या तळातून काळं पाणी येतं, लीचेट म्हणतात त्याला. खूप येत असेल तर कुठेतरी चुकतंय. थोडं असेल तर परत टाकीतच शिंपडा, पावसाच्या गटारात सोडू नका, ते पुढे मुळा-मुठेलाच जातं.

पण एवढा पाला आणायचा कुठून?

माझ्या मते सगळा प्रोग्रॅम इथे अडतो किंवा तरतो. रोज ४० किलो कचऱ्याला महिन्याला पोत्यांनी पाला लागतो आणि पावसाळ्यात तो मिळत नाही, मिळाला तर भिजलेला. पण फेब्रुवारी ते एप्रिल पुण्यात बघा, कुठल्याही जुन्या पेठेत किंवा कॉलनीत, पिंपळ, वड, रेन ट्री, सगळ्यांची पानगळ, रस्त्याच्या कडेला ढीग, आणि सकाळी सकाळी कुणीतरी ते पेटवून देतं. वाळलेली पानं उघड्यावर जाळायला बंदी असूनही जाळतात, त्या धुरानं दम्याच्या पेशंटचे किती हाल होतात ते त्या गल्लीत राहणाऱ्यांना विचारा. एकीकडे आपण कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा विकत आणतो आणि दुसरीकडे फुकटचा उत्तम कार्बन जाळतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम नेमकं हेच करतो, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे ते पोती भरून देतात आणि ज्यांना हवा आहे ते घेऊन जातात. आम्हीही शेजारच्या दोन बंगल्यांशी आणि एका बागेच्या माळीदादांशी बोलून ठेवलंय, उन्हाळ्यात शंभरेक पोती भरतो, जिन्याखाली आणि गच्चीच्या पत्र्याखाली रचून ठेवतो (ठिणगीपासून लांब, मीटर रूमजवळ अजिबात नाही). पाला आधी पायानं तुडवून चुरा केला तर पोत्यात तिप्पट मावतो आणि कुजतोही लवकर. तरी ऑगस्टमध्ये संपलाच तर लाकडाचा भुसा चालतो, फक्त प्लायवूड किंवा एमडीएफचा घेऊ नका, त्यात डिंकाची रसायनं असतात. वखारीतून साध्या लाकडाचा आणा.

हे रोज करणार कोण?

पुण्याच्या कचऱ्याची गोष्ट कचरावेचक बायकांशिवाय सांगताच येत नाही. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली आणि पुढे २००७ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, जी आज दारोदार कचरा गोळा करते. मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास विचारतं की ओला कचरा इथेच जिरवला तर त्यांचं काम जाईल का. नाही जात. त्यांची जास्तीची कमाई सुक्या कचऱ्यातून होते, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, आणि ओला त्यात मिसळला नाही तर तो माल स्वच्छ राहतो, भाव बरा मिळतो. आणि 'स्वच्छ'च्या काही सभासद वेगळ्या मोबदल्यावर सोसायट्यांच्या टाक्याही सांभाळतात, त्यांना या कामाची जाण आपल्यापेक्षा जास्त असते.

पण कुणालाही ठेवा, हाउसकीपिंगच्या माणसाला "हे पण बघ जरा" असं म्हणून ढकलू नका. चार टाक्यांना रोजचा दीड तास धरा आणि त्याचे वेगळे पैसे द्या, हातमोजे, गमबूट, हात धुवायला नळ आणि साबण द्या, आठवड्याची सुट्टी द्या आणि त्या दिवशी कोण करणार ते आधी ठरवा. आमच्याकडे रविवारी आळीपाळीनं दोन घरं येतात. यामुळे एक चांगलं झालं, स्वतः टाकीत फावडं घातलेल्या घरातून परत कधी पिशवीला गाठ मारलेली आली नाही.

खर्च म्हणाल तर बांधकाम एकदाच, आणि दर महिन्याचा मुख्य खर्च म्हणजे या माणसाचा पगार. तो घरटी वाटला की फार बसत नाही. शिवाय महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात सवलत देते, खतप्रकल्प, सोलर किंवा पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. प्रकल्प चालू असला पाहिजे मात्र, पालिका तपासते आणि बंद पडलेला दिसला की सवलत काढून घेते.

सगळे ऐकणारच नाहीत, मग?

नाही ऐकणार. आमच्याकडे अजूनही पाच-सहा घरं आहेत. पण जगात ज्या शहरांनी हे केलं तिथेही पहिल्या दिवशी सगळे तयार नव्हते. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट डेपोत पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून जेवढा टाकाल तेवढे पैसे अशी पद्धत देशभर आणली, तिथल्या कित्येक बिल्डिंगमध्ये डबा कचऱ्याचं वजन करतो आणि घराच्या नावावर रक्कम लागते. सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये ओला वेगळा करणं सक्तीचं केलं. म्हणजे समजावणं आणि थोडी सक्ती, दोन्ही लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

आपल्या पातळीवर एका विंगपासून सुरुवात करा, जिथे जास्त लोक तयार आहेत तिथून. मिसळलेली बादली आली तर ग्रुपवर फोटो टाकून नाव घेऊ नका, त्या घरी जाऊन बोला. बऱ्याचदा कळतं की घरच्यांनी नाही, स्वयंपाकाच्या मावशींनी मिसळलं आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आम्ही मग सगळ्या मावशींना एकदा खाली चहाला बोलावलं, टाकी उघडून दाखवली, त्या दिवसापासून मिसळलेल्या बादल्या निम्म्यावर आल्या. त्यातल्या एका मावशींनी तर गावाकडच्या उकिरड्याचं सगळं शास्त्र आम्हालाच सांगितलं, कधी पलटायचा, राख किती घालायची.

तयार खताचं काय करायचं हेही आधीच ठरवा, कारण १०० किलो ओल्या कचऱ्यातून १५-२० किलो खत निघतं म्हणजे आमच्याकडे महिन्याला २०० किलोच्या आसपास. सोसायटीच्या बागेला एवढं लागत नाही. आम्ही घरटी दोन किलो वाटतो, थोडं कुंड्यांवाल्या ओळखीच्यांना जातं, आणि उरलेलं मुळशीकडचे एक शेतकरी दर दोन महिन्यांनी टेम्पोत भरून नेतात, येताना भाताचं तूस पोत्यात भरून आणतात जे आम्हाला पाल्याच्या जागी चालतं.

सुरू कधी करायचं विचाराल तर फेब्रुवारीत. तेव्हा पानं गळायला लागतात, हवा कोरडी असते, चुका झाल्या तरी वास कमी येतो, आणि पावसाआधी हाताला अंदाज येऊन गेलेला असतो. पन्नास रिकामी पोती आणि एक वजनकाटा, पहिल्या महिन्यात याच्यापलीकडे काहीही विकत घेऊ नका.